गुरुवारचं घर

दिवेलागण झाली तरी दोन्ही पाट रिकामेच होते. पाटांभोवती रांगोळी, पुढ्यात चांदीची ताटं, शेजारी पाण्याचं फुलपात्र, सगळं जिथल्या तिथं होतं. जेवणारी लेकरं तेवढी नव्हती. हा तिसरा गुरुवार.

अण्णा, म्हणजे श्रीनिवासराव सोयगावकर, दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसून होते. एकोणऐंशीव्या वर्षी असं ताठ बसलं की पाठ धरते, हे यमुनाबाईंनी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. पण रागावलेल्या अण्णांना पाठ नसते. ते फाटकाकडं बघत होते आणि फाटक काही वाजत नव्हतं.

आज त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून घेतलं होतं. थोरला सुदर्शन याच घरात राहायचा; कंपनीतून येऊन तो नुकताच हातपाय धुऊन बसला होता. धाकटा हिमांशू छावणी भागातून स्कूटरवर आला होता. आल्या आल्या त्यानं एक कप चहा संपवला आणि निकालही देऊन टाकला.

"अण्णा, हे वार लावणं-बिवणं आताच्या जमान्यात चालत नसतं. सात दिवस सात घरी जायचं आणि जेवायचं, लेकरांनाही लाज वाटत असेल की. उद्या समितीच्या मॅडम येऊ लागल्यात तर सरळ सांगून टाका. त्यांच्याकडं सोय आहे, शाळा आहे, वेळच्या वेळी जेवण आहे."

"एका ठिकाणी?" स्वयंपाकघराच्या दारातून स्वरदानं विचारलं.

"काय एका ठिकाणी, वहिनी?"

"दोघांना एका ठिकाणी ठेवतील का, भाऊजी? संस्कृती मुलींच्या वसतिगृहात आणि शिवा मुलांच्या, असं होणार. सात वर्षांचा आहे तो. बहिणीनं भांग पाडल्याशिवाय शाळेत जात नाही."

हिमांशूनं चकली घेतली.

स्वरदा ही सुदर्शनची बायको. तिला सोयगावकरांच्या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत तिनं 'का?' विचारायचं काही सोडलं नव्हतं. देवाला डावीकडूनच का वळायचं, लोणच्याची बरणी पूर्वेलाच का, मामांनी बोलणं का टाकलं. हिमांशू तिला चौकशी खिडकी म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. खिडकी बंद ठेवून जगणारी माणसं तिनं याच घरात भरपूर पाहिली होती.

आणि आत्ता तर तिच्या डोक्यात नुसता भुंगा लागला होता. कारण पाट रिकामे असले तरी फाटक रिकामं नव्हतं. मघाशी, अण्णा देवाला दिवा लावायला उठले तेवढ्यात, फाटकाच्या गजांमधून शिवाचं डोकं आत डोकावलं होतं. त्यानं खुर्ची रिकामी पाहिली, तोंड एवढंसं केलं. मग अण्णा परत येऊन बसले, तसा तो सुटलेल्या पतंगासारखा पळाला. जेवायला यायचं नाही आणि बघायला मात्र यायचं, हे काय गौडबंगाल?

बजाजनगरातल्या त्या गल्लीत वार लावायची कल्पना अण्णांचीच. गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्यांत सरूबाई आणि तिची ही दोन नातवंडं राहायची. बाप भाजीचा टेम्पो चालवायचा, तो दोन वर्षांपूर्वी पैठण रस्त्यावर अपघातात गेला. आई या उन्हाळ्यात काविळीनं गेली. सरूबाईच्या एका डोळ्याला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला दिसल्यासारखं व्हायचं. बाल कल्याण समितीच्या मॅडम आल्या, त्यांनी घर पाहिलं, म्हातारीला पाहिलं आणि मान हलवली. तेव्हा अण्णा पुढं झाले. म्हणाले, ही लेकरं आजीपाशीच राहतील, त्यांच्या पोटाची फिकीर गल्ली करेल. सात घरांनी सात वार वाटून घेतले. सोमवार समोरच्या साळूबाईचा, शुक्रवार कोपऱ्यावरच्या नसीमआपांचा, आणि गुरुवार दत्ताचा म्हणून अण्णांनी हक्कानं मागून घेतला. मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण मी येऊन घरोघर विचारीन. हे नीट चालू असेल तरच लेकरं इथं राहतील.

ते विचारणं उद्या होतं. आणि अण्णांनी सगळ्यांना आज त्यासाठीच बोलावलं होतं.

"मी खोटं बोलणार नाही," अण्णा म्हणाले. "विचारलं तर सांगणार, तीन गुरुवार झाले, लेकरं आमच्याकडं जेवलेली नाहीत."

"अण्णा, 'अधूनमधून येतात' म्हणायला काय जातंय आपलं?" सुदर्शनला कुणाचंच मन मोडायला आवडत नसे, त्यामुळं तो सगळ्यांचंच थोडं थोडं मोडायचा.

"अधूनमधून जेवणारं लेकरू बाकीच्या दिवशी काय खातं, हे त्या विचारणार नाहीत? आणि एका घरी जात नाहीत म्हणजे या व्यवस्थेत काहीतरी खोट आहे, असंच कुणीही म्हणेल. मी असतो तर मीही म्हटलं असतं."

"खोट माझ्या हातात आहे," यमुनाबाई आतून बोलल्या. भाताचं झाकण त्यांनी जरा जोरातच ठेवलं. "गुरुवारी आपल्यात कांदा-लसूण नाही. बुधवारवाल्यांकडं म्हणे अंडाकरी असते. लेकरांच्या तोंडाला चव नको का? कोण खाईल माझं वरण?"

"आई, तुमचं वरण मी पातेल्याला तोंड लावून प्यायलेय," स्वरदा म्हणाली.

"तू सून आहेस. तुला प्यावंच लागतं."

"आणि लाज हा मुद्दा तुम्ही कुणी धरतच नाही," हिमांशू पुन्हा रुळावर आला. "वाराचं जेवण म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या दारचं जेवण. अण्णा, तुम्हीच सांगायचात ना..."

"मीच सांगायचो! म्हणूनच तर!" अण्णांचा आवाज चढला. "म्हणूनच तर पाट मांडलेत!"

यापुढची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. वडील गेल्यावर अकरा वर्षांचा श्रीनिवास सोयगावहून या शहरात शिकायला आला आणि वार लावून जेवला. सात दिवस, सात घरं. मारणारी माणसं नव्हती ती, पण मागच्या दारी, चपलांपाशी, सगळ्या घराची पंगत उठल्यावर त्याला पत्रावळ मिळायची. भात गार असायचा. तो मॅट्रिकला असताना सोयगावला आई वारली. त्या दिवशीही तो कुणाच्या तरी मागच्या दारी ताटकळत उभा होता. तेव्हा त्यानं ठरवलं होतं, माझ्या घरी कधी वाराचं लेकरू आलं तर ते सगळ्यांच्या आधी जेवेल. ते जेवून उठल्याशिवाय माझ्या घरात कुणी घास तोंडात घालणार नाही. पुढं वार लावायची पद्धतच मोडली. अण्णांना नोकरी लागली, घर झालं, पेन्शन झाली, पण वाराचं लेकरू काही आलं नाही. आणि ऐन म्हातारपणी एकदम दोन आली.

पहिल्या दोन गुरुवारी काय सोहळा होता! स्वरदाला आठवून आताही भरून आलं. दोन्ही लेकरं पाटावर. खीर, वडे, घोसाळ्याची भजी. सगळं घर भिंतीला लागून उभं, कुणी पाणी घालतंय, कुणी पोळी वाढतंय, आणि अण्णा स्वतः वाकून तूप सोडतायत. "जेव बाळा, सावकाश जेव. तुझं पोट भरलं की तिकडं माझ्या आईला पोचतं." शेवटी अण्णांनी हात जोडले तेव्हा यमुनाबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. दोन्ही लेकरं मान खाली घालून जेवली आणि पटकन गेली. बुजली असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

"त्यांना विचारलं का कुणी?" स्वरदानं विचारलं.

"विचारलं की," सुदर्शन म्हणाला. "पोरगी म्हणाली अभ्यास होता. मागच्या वेळी पोट दुखत होतं म्हणाली."

"पोरीला विचारलंत. पोराला?"

"त्याला काय कळतंय?"

"मी जरा दही घेऊन येते," स्वरदा म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

"फ्रिजमधे पातेलंभर दही आहे," यमुनाबाई म्हणाल्या.

"निघाली खिडकी!" हिमांशू म्हणाला. पण त्यानं चकलीची वाटी बाजूला ठेवली, म्हणजे त्यालाही उत्तर हवंच होतं.

समोर साळूबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. स्वरदा तिच्या शेजारी टेकली आणि जुडी हातात घेतली. बायकांकडून काही काढून घ्यायचं तर आधी त्यांच्या हातातलं काम घ्यावं लागतं.

"साळूताई, सोमवारी लेकरं तुमच्याकडं येतात ना?"

"येत्यात की. न येऊन कुठं जात्यात?"

"तुम्ही त्यांना कसं जेवायला घालता?"

साळूबाईनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं. "कसं म्हंजी? तोंडानंच खात्यात."

"तसं नाही हो. बसवता कुठं? आधी की नंतर? काय म्हणता त्यांना?"

"अगं बाई, एक परात मधी ठिवायची. आमची तीन, त्यांचा बाप, अन् ही दोन. ज्याच्या हाताला जे लागंल ते. टीव्ही बघत भांडत्यात, जेवत्यात, सांडत्यात. मी म्हणते मेल्यांनो, हात आवरा. तुमच्यात वार का काय म्हणत्यात, आमच्यात नुसतं जेवाय ये म्हणत्यात." मग तिनं आवाज खाली आणला. "का व्हो? तुमच्याकडं येईनात व्हय?"

"येईनात."

"पर त्यो शिवा तर सारखा तुमचंच इचारतो. सोमवारी आला की पयलं हेच, 'साळूकाकी, गुरवारच्या घरचे आजोबा बरे हायेत का?' मी म्हणलं, तुला काय पडलंय रं म्हाताऱ्याचं? तर गप बसला."

स्वरदाच्या हातातली काडी तशीच राहिली. जेवायला न येणारं लेकरू अण्णांच्या तब्येतीची खबर ठेवत होतं. आता हिला घरी परत जाणं शक्यच नव्हतं.

सरूबाईच्या खोलीत ट्यूब जळत होती. म्हातारी खाटेवर बसून जपमाळ ओढत होती. संस्कृती जमिनीवर पुस्तक उघडून बसली होती आणि शिवा तिच्या पाठीला पाठ लावून डब्याच्या झाकणाशी खेळत होता. गॅस बंद होता. म्हणजे आज या तिघांनी बिस्किटं-चहावर भागवायचं ठरवलं होतं.

"या काकू," संस्कृती उठली. तेरा वर्षांची पोर, पण पाहुण्याला चटई टाकायची लकब चाळिशीच्या बाईची होती. "आम्ही येणारच होतो. पण उद्या चाचणी हाय."

"शाळेला उद्या सुट्टी आहे, संस्कृती."

पोरीनं मान खाली घातली.

"मी रागवायला आले नाही," स्वरदा म्हणाली, आणि ते खरंच होतं. "मला नुसतं जाणून घ्यायचंय. आमच्या घरात काय आहे की तुम्हाला यावंसं वाटत नाही? जेवण आवडत नाही? कुणी काही बोललं?"

"नाय नाय! कुणी कायच नाय बोललं. लई मायेनं करतात आजोबा. म्हणूनच तर सांगता येईना." संस्कृतीनं मागं वळून भावाकडं पाहिलं. "मी याला लई समजावलं काकू. नाय ऐकत. अन् याला सोडून मी कशी येऊ?"

"सांग बाई तिला," सरूबाई माळ थांबवून म्हणाली. "मलाबी सांगंनात ही. उद्या ती मॅडम ईल अन् नेईल दोघांना दोन दिशेला. मग मी कुणाचा हात धरून मोरीपतुर जाऊ?"

स्वरदा संस्कृतीला ओलांडून शिवापाशी जाऊन बसली, भिंतीला टेकून, त्याच्यासारखीच. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आजोबा बरे आहेत."

झाकण थांबलं.

"आत्ता दारात बसलेत. तू पाहिलंस ना मघाशी?"

"आदी नव्हते खुर्चीत," शिवा पुटपुटला.

"दिवा लावायला गेले होते. तुला काय वाटलं?"

शिवानं झाकण पुन्हा फिरवलं. स्वरदानं पुढचा प्रश्न विचारला नाही. इतकं गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं असावं.

"मला वाटलं, गेले," शिवा शेवटी म्हणाला. "मेले."

"अरे! असं का वाटलं तुला?"

"तुमच्याकडं तसलं जेवन असतं म्हणून."

"कसलं?"

"तसलं." त्यानं हातानं भिंतीकडं दाखवलं. "समदे भिंतीला हुभं राहत्यात. कुणीच जेवत नाय. खीर असती, वडे असत्यात. हात जोडत्यात. अन् म्हनत्यात, तुमी जेवा म्हंजी तिकडं पोचतं. बापाच्या टायमाला असंच व्हतं, हितं दारात मांडव टाकला व्हता. पावने जेवले, आमाला कुणी जेवू दिलं नाय. आई म्हनली, जेवू दे त्यांना, बापाला पोचतं. मग आई मेली. आईच्या टायमालाबी तसंच." तो एका दमात बोलला आणि मग त्याचा श्वास संपला. "आता आजोबा तसं करू लागलेत. त्यांचा लंबर लागंल. मी जेवलोच नाय तर नाय लागनार."

संस्कृतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सरूबाई खाटेवरून म्हणाली, "अरं माज्या सोन्या," आणि हात पुढं करून त्याला चाचपू लागली.

स्वरदाला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, पदरानं पुसलं. तीन आठवडे या एवढ्याशा पोरानं उपाशी राहून अण्णांना जिवंत ठेवलं होतं. आणि इकडं सोयगावकरांच्या हॉलमधे कांदा-लसणावर परिषद भरली होती.

असं काही नसतं बाळा, हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण असं काही नसतं, हे त्याला याआधी दोनदा मोठ्यांनी सांगितलं असणार. म्हणून तिनं आपला नेहमीचा धंदा केला, विचारलं.

"मग साळूकाकीकडं भीती नाही वाटत?"

"तिथं समदेच जेवत्यात."

"आणि नसीमआपांकडं?"

"तिथंबी. त्यांचे आब्बापन माझ्याच ताटात हात घालत्यात."

"म्हणजे सगळे जेवले की कुणाला काही होत नाही?"

शिवानं विचार करून मान हलवली. या बाबतीत त्याची खात्री होती.

"मग आमच्याकडं सगळे जेवले तर?"

"आजोबापन?"

"आजोबापण."

"माज्या मागून?"

"तुझ्याबरोबर. तुझ्या शेजारी बसून."

"मी बघीन आदी," शिवा म्हणाला. तो उठला, पण चप्पल घालण्याआधी त्यानं बहिणीपुढं डोकं केलं आणि तिनं बोटांनीच त्याचा भांग सारखा केला.

स्वरदा त्यांना फाटकाशी थांबवून आधी एकटीच आत गेली. सरूबाई संस्कृतीच्या खांद्याला धरून उभी होती. आत तिघेही पुरुष होते तसेच होते. यमुनाबाई हात पुसत बाहेर आल्या होत्या.

"दही?" हिमांशू म्हणाला.

"भाऊजी, जरा गप्प बसा." आणि स्वरदानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. शिवाचं वाक्य तिनं त्याच्याच शब्दांत सांगितलं.

अण्णांचा चेहरा आधी लाल झाला. "मी? मी तेराव्याचं जेवण घालत होतो त्यांना?"

अण्णा खुर्चीतच पुढं सरकले.

"अगं, मी त्यांना राजासारखं बसवलं! या हातांनी! आमचं घर उपाशी ठेवलं त्यांच्यासाठी! मला कुणी एकदा, एकदा जरी असं बसवलं असतं तर मी..." त्यांनी पाटांकडं पाहिलं, रांगोळीकडं पाहिलं, आणि ज्या भिंतीला सगळे उभे राहायचे त्या भिंतीकडं बराच वेळ पाहत राहिले.

"अण्णा, त्याला लहानपणी असलंच काही..." सुदर्शन समजूत घालायला लागला.

"नको, दादा," हिमांशू एकदम म्हणाला. मघापासून वाराला नावं ठेवणारा हाच. त्याचे डोळे लाल झाले होते. "अण्णांना वाचवायला ते पोरगं उपाशी बसलंय आणि आपण त्याला वसतिगृहात घालायला निघालो होतो. मी निघालो होतो. उद्या मॅडम आल्या की मी सुट्टी टाकून थांबतो इथं. कोण नेतंय त्यांना बघू."

"आधी आजचं बघा," स्वरदा म्हणाली. "तो फाटकात उभा आहे. म्हणतो, मी आधी बघीन."

अण्णा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात देऊन वाकले आणि एक पाट उचलायला लागले. सुदर्शन धावला तसं त्याला म्हणाले, "राहू दे. मीच मांडले होते." दोन्ही पाट त्यांनी भिंतीला उभे करून ठेवले. रांगोळी स्वरदानं ओल्या फडक्यानं पुसली.

"अहो, पण तुम्ही नेम धरला होता ना?" यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "वाराचं लेकरू उठल्याशिवाय घास घेणार नाही म्हणून?"

"धरला होता," अण्णा म्हणाले. "मोडतो आता. सतरंजी काढ मोठी."

सतरंजी हॉलभर पसरली. चांदीची ताटं कपाटात गेली, स्टीलची आली. खीर आणि वडे स्वयंपाकघरातच राहिले. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी तेवढी बाहेर आली. मग स्वरदानं फाटक उघडलं.

शिवा उंबऱ्यातच थांबला. अण्णा सतरंजीवर बसलेले होते, मांडी घालून, पुढ्यात वाढलेलं ताट. शेजारी एक ताट रिकाम्या जागेपुढं. सुदर्शन बसला होता, हिमांशू बसला होता. सरूबाईला तिच्या नातीनं हात धरून बसवलं आणि स्वरदा तिच्या पलीकडं बसली. शिवानं एकेकाकडं पाहिलं, एकेकाच्या ताटाकडं पाहिलं. पोलीस काय तपासतील असा तपास केला. मग तो अण्णांच्या शेजारी येऊन बसला.

"घे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडून, वरणात बुडवून तोंडात घातला. "बघ. गेला पोटात."

सगळ्यांनी घास घेतले. हिमांशूनं तर शिवाला दिसावा म्हणून तोंड उघडून दाखवला. संस्कृती हसली. या घरात ती पहिल्यांदाच हसत होती.

शिवाचा हात मात्र ताटाकडं गेला नाही.

"काय झालं रे?" स्वरदानं विचारलं.

"आजी हुभ्या हायेत."

सगळ्यांनी वर पाहिलं. यमुनाबाई भाताचं पातेलं कमरेवर घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या.

"अरे, मी वाढणार आहे ना," त्या म्हणाल्या. "तू जेव राजा. मी मागून बसते."

शिवानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"त्या मागूनच बसतात रे," सुदर्शन समजावणीच्या सुरात म्हणाला. "आजी नेहमीच मागून जेवतात."

"नेहमीच?" शिवानं विचारलं. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "रोजच?"

सुदर्शननं हातातला घास ताटात ठेवला. हिमांशू ताटाकडं बघायला लागला. इतकी वर्षं जिनं घरातल्या प्रत्येक गोष्टीला 'का' विचारलं, त्या स्वरदाच्या ध्यानात आलं की हे एवढं एक तिनं कधी विचारलं नव्हतं. सणावाराला ती स्वतः पंगतीत बसायची, आणि वाढायला आई असायच्याच.

अण्णांनी बायकोकडं पाहिलं. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती. यमुनाबाईंना जेवताना त्यांनी कधी नीट पाहिलं होतं का, हे आठवायचा ते प्रयत्न करत होते आणि त्यांना ते आठवत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

ते शिवाकडं सरकले आणि त्यांनी आपल्या दुसऱ्या बाजूला सतरंजीवर हात ठेवला.

"ये. बस."

"अहो, काहीतरीच. वाढायचं कुणी?"

"मधे ठेव सगळं. ज्याला लागेल तो घेईल."

"पोळ्या गार होतील."

"होऊ देत."

यमुनाबाईंनी पातेलं पंगतीच्या मधोमध ठेवलं. स्वरदानं उठून ताट आणलं. त्या बसल्या, पदर सावरला, पुन्हा सावरला. नवऱ्याच्या शेजारी मांडी घालावी की पाय मुडपावेत, हे त्यांना ठरवता येईना. अण्णांनी त्यांच्या ताटात भात वाढला. जास्त वाढला, ढीगच केला; सवय नव्हती.

शिवा टक लावून बघत होता. यमुनाबाईंनी भात कालवला, घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता त्यांचा हात थांबला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "भात गरम आहे की."

मग त्यांनी घास घेतला. तो खाली उतरेपर्यंत शिवा थांबला, आणि नंतर असा काही जेवायला लागला की संस्कृतीला दोनदा त्याचा हात धरावा लागला. तीन पोळ्या झाल्यावर त्यानं मान वर केली.

"आजी, पुढच्या गुरवारीबी बसनार तुमी?"

यमुनाबाईंनी अण्णांकडं पाहिलं नाही, मुलांकडं पाहिलं नाही.

"तू आलास तर बसेन," त्या म्हणाल्या.

शिवानं चौथ्या पोळीला हात घातला.

"मंग यावंच लागंल," तो म्हणाला.